दीडशे की शंभर

ओपीडीच्या बाहेर बाकावर बसलं की शेजारची बाई थोड्या वेळानं विचारतेच, "तुमची कितीची?" साडी कितीची असं तिला म्हणायचं नसतं. थायरॉईडची गोळी किती पॉवरची, तेवढंच तिला हवं असतं. एकीची पंचवीसची असते, एकीची पंच्याहत्तरची, आणि मी "दीडशे" म्हटलं की सगळ्या वळून बघायच्या. मग प्रत्येकीजवळ एक सल्ला निघायचा. कुणाच्या नणंदेनं गोळी सोडली आणि तिला काहीच झालं नाही. कुणाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की एवढ्या डोसनं हाडं पोकळ होतात. मी ऐकून घ्यायची. वाद घालायला लागणारी ताकद माझ्यात उरलेली नव्हती.

हे लिहितेय ते त्या बाकावरच्या बायकांसाठी. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. माझं वाचून कुणी आपली गोळी कमी-जास्त करू नये. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात तेव्हा मधल्या माणसाचं काय होतं, तेवढं मात्र मला सांगता येईल.

गळ्यावरची सावली

नववीच्या वर्गाचा व्यक्तिचित्रणाचा तास होता आणि मॉडेल म्हणून मीच खुर्चीत बसले होते. कागद गोळा केले तर चार-पाच मुलींनी माझ्या गळ्यावर, उजव्या बाजूला, अगदी एकाच जागी सावली दिलेली. मला वाटलं, एकमेकींचं बघून काढलंय. मी त्यांना समजावून सांगितलं की उजेड उजवीकडच्या खिडकीतून येतोय, इथं सावली पडणारच नाही. खोडरबर घेऊन एका कागदावरची सावली स्वतः पुसून दाखवली. जिचा कागद होता ती हळूच म्हणाली, "मॅडम, पण तिथं उंच हाय."

घरी येऊन आरशात बघितलं. आवंढा गिळला की ते उंच वर सरकायचं आणि परत खाली यायचं.

मग सोनोग्राफी झाली, गाठीत सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टच्या दिवशी माझे यजमान संजय बरोबर होते. घरात मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण लिहिताना तेच सोपं पडतं. सर्जन मॅडम माझ्यापेक्षा लहान, चाळिशीच्याही आतल्या. बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, कॅन्सर आहे, पण थायरॉईडचा आहे, म्हणजे कॅन्सरमधला त्यातल्या त्यात बरा. संजय "पाणी घेऊन येतो" म्हणून उठले ते बराच वेळ आलेच नाहीत. शेवटी मला ते जिन्यात सापडले. बाटली न उघडता हातात धरून उभे होते. मी जवळ गेले. मग ते म्हणाले, "गाडी कुठं लावलीया ते आठवंना झालंय."

आम्ही दोघांनी मिळून गाडी शोधली. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

"त्यातल्या त्यात बरा" हे शब्द नंतर मी इतक्या जणांकडून ऐकले की ऐकूनच थकवा यायचा. बरा कॅन्सर झालेल्या माणसानं रडायचं नसतं, असं एकंदरीत लोकांचं मत दिसलं.

वॉर्ड

अख्खी ग्रंथी काढली. शुद्धीवर आले तेव्हा आवाज नव्हता, बोलायला गेलं की नुसती फुंकर निघायची. सकाळी रक्त काढायला नर्स यायची, मग झाडलोट, मग राऊंड. मॅडम येऊन टाके बघायच्या, "छान" म्हणायच्या आणि पुढच्या कॉटकडं जायच्या. मनात जमवून ठेवलेले माझे प्रश्न त्या फुंकरीतून बाहेर पडेपर्यंत त्या पडद्यापलीकडं पोचलेल्या असायच्या.

सासूबाई शिरोळहून येऊन राहिल्या होत्या. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. तोंडानं कडक बाई. पण मला गिळताना दुखतंय हे त्यांनी न सांगता ओळखलं. भात मऊ शिजवून आणायच्या, दूध घालून बोटांनी अगदी पेजेसारखा कालवायच्या आणि म्हणायच्या, "गिळ. बोलू नगंस." शेजारच्या कॉटवरच्या बाईचं कुणी आलेलं नसलं की त्याच भातातला अर्धा तिला जायचा. त्या वॉर्डातली चांगली आठवण म्हटली तर तो भात.

पुढं किरणोत्सारी आयोडीनचं औषध देऊन एका खोलीत एकटीला ठेवलं. कुणी जवळ यायचं नाही, जेवण दाराशी. भीतीपेक्षा तिथं कंटाळा जास्त होता. घरी सोडलं त्या दिवशी मॅडमनी गोळी लिहून दिली. दीडशेची, सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. त्या आणखीही काही सांगत होत्या. माझं लक्ष दारात उभ्या असलेल्या रिक्षाकडं होतं. मला घरी जायचं होतं.

वर्तुळ

फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढणं ही शाळेत माझी ओळख आहे. नवी मुलं पहिल्या तासाला तेच मागतात. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी मी सातवीच्या वर्गात वर्तुळ काढायला गेले आणि खडू थरथरला. रेष सुतळीसारखी वेडीवाकडी आली. मी ते पुसून आकृती पुस्तकातून काढून घ्या म्हणाले.

नुसतं हाताचंच नव्हतं. पंखा चालू असताना घाम यायचा. झोप लागायची नाही. बारीकसारीक गोष्टींवरून मी संजयवर ओरडायची आणि ओरडताना स्वतःलाच कळायचं की हे आपलं नव्हे. छाती तर उगाच पळायची. एकदा शाळेच्या जिन्यात अर्ध्यावर बसावं लागलं. सहकाऱ्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, इको केला आणि सांगितलं की हृदय चांगलं आहे, पण त्याला कुणीतरी पळवतंय. ही गोळी कमी करायला पाहिजे, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

मॅडमच्या हॉस्पिटलला फोन केला. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. त्यांच्या असिस्टंटनी विचारून सांगतो म्हटलं आणि नंतर निरोप दिला, तीच गोळी चालू ठेवा, बदल करू नका. पुढची तारीख बरीच लांब होती.

त्या रविवारी आम्ही शिरोळला गेलो. संजयचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान तिथंच आहे, आत्तींचं घरही तिथंच, आणि दोन गल्ल्या सोडून मामांचा दवाखाना. मामा म्हणजे आत्तींचे थोरले भाऊ. आयुष्यभर त्यांनी त्या एका खोलीत पेशंट बघितले. कृष्णेचं पाणी गावात आलं तेव्हा होडीत बसून लोकांना औषधं पोचवली. आमच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय कुणी सर्दीची गोळीसुद्धा घेत नाही.

मामांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघितली आणि रक्ताचा रिपोर्ट मागितला. गोळी जास्त झाली की टीएसएचचा आकडा खाली जातो; माझा जवळजवळ नाहीच असा होता. त्यांनी चष्मा काढला.

"सूनबाई, ह्यो डोस न्हवं, चाबूक हाय. किती पळवायचं जीवाला? शंभर कर."

मी म्हटलं, मॅडमना एकदा विचारते. ते म्हणाले विचार, पण तोवर शंभर घे. मी चप्पल घालेपर्यंत संजय मेडिकलमधून शंभरची पाकिटं घेऊन आले होते.

दोन डॉक्टर कमी कर म्हणत होते, एक नको म्हणत होत्या. त्या दोघांतले एक मामा. हिशेब सोपा वाटला.

शंभर

पहिला महिना सुखाचा गेला. छाती शांत झाली, झोप यायला लागली, फळ्यावरचं वर्तुळ पुन्हा जमलं. संजय भेटेल त्याला सांगायचे की शहरातल्या डॉक्टरांना जमलं नाही ते मामांनी नाडीवरून ओळखलं.

मग हळूहळू सगळं जड व्हायला लागलं. इतकं हळू, की आजचा दिवस कालच्यापेक्षा वाईट आहे असं कधी वाटलंच नाही. सकाळी चेहरा सुजलेला असायचा. भर दुपारी स्वेटर घालावासा वाटायचा. वर्षानुवर्षं ओळखीच्या मुलांची नावं ओठांवर येऊन अडकायची. शाळेतून आले की पर्स खांद्याला तशीच ठेवून मी पलंगावर आडवी व्हायची. मामांना फोन केला तर ते म्हणाले, मोठं ऑपरेशन झालंय, शरीर सवय करून घेतंय, थोडं थांब.

आत्ती अधूनमधून यायच्या. त्यांना दिवसा झोपलेलं माणूस बघवत नाही. त्या मला थेट काही म्हणायच्या नाहीत, स्वयंपाकघरात भिंतीला सांगायच्या, "एवढं झोपल्यावर चांगला माणूसबी आजारी पडंल की." संजय दुकानातून दमून यायचे आणि भात लावायचे. सुरुवातीला हौसेनं लावायचे. नंतर कुकरचं झाकण आपटल्याचा आवाज यायला लागला. मी पडल्या पडल्या तो आवाज ऐकायची. उठायला हवं हे कळायचं, उठणं व्हायचं नाही. आजारी माणसाला घरातल्या भांड्यांचे आवाज फार नीट ऐकू येतात.

"गोळी कुणी कमी केली?"

ठरल्या तारखेला मॅडमकडं गेलो. या कॅन्सरनंतर रक्ताची एक तपासणी करतात, तिचा आकडा शून्याच्या जवळ राहायला हवा असतो. माझा वर आला होता. टीएसएचही बराच वर गेलेला.

मॅडमनी पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून नजर काढून माझ्याकडं बघितलं. "गोळी कुणी कमी केली?"

मी सांगितलं, आमच्या मामांनी, ते डॉक्टर आहेत.

"कॅन्सरचे?"

संजय खाली बघत होते. मॅडम म्हणाल्या, "ही गोळी नुसती ग्रंथीच्या बदल्यात दिलेली नाही. कॅन्सरची एखादी पेशी मागं राहिली असेल तर तिला जाग येऊ नये, म्हणून डोस मुद्दाम वर ठेवला होता. तुम्ही तो खाली आणलात."

हे मला तुम्ही सांगितलं नव्हतं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, घरी सोडताना सांगितलं होतं. सांगितलंही असेल.

मी विचारलं, "म्हणजे परत आलाय?"

"आत्ता सांगता येणार नाही. डोस वर नेऊ आणि काही आठवड्यांनी परत रक्त आणि स्कॅन करू."

मी छातीचं सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांचा कागद पुढं केला. त्या म्हणाल्या ते नंतर बघू, आधी हे महत्त्वाचं. बाहेर गर्दी होती. पुन्हा दीडशे.

गाडीत बसल्यावर संजयनी चावी फिरवली नाही. समोर बघत म्हणाले, "आता मामांस्नी कसं सांगायचं?"

मला राग आला नाही. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या गळ्यात परत काहीतरी वाढत असेल आणि घराला पहिली काळजी मामांची, एवढं मनाशी नोंदवलं गेलं. संजयनाही ते कळलं असावं. घर येईपर्यंत ते दोनदा "तसं न्हवं गं" म्हणाले.

मामांना त्यांनी फोनवर गुळमुळीत काहीतरी सांगितलं. मामा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन येणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी आत्तींचा आला.

"माझ्या भावानं हितनं तिथनं सगळ्या घराची दुखणी काढली. आता त्यो अडाणी ठरला व्हय?"

मी म्हटलं, आत्ती, तसं कुणी म्हणालेलं नाही. पण त्यांनी ऐकून घेतलं नाही.

दोन पाकिटं

दीडशेवर छाती पुन्हा पळायला लागली. पळणारी छाती म्हणजे गोळी काम करतेय, शांत छाती म्हणजे कॅन्सर वाढतोय, असं एक गणित माझ्या डोक्यात बसलं. बरं वाटलं की भीती वाटायची. वाईट वाटलं तर वाईट वाटतच होतं.

एका सकाळी मी ओट्यापाशी दोन्ही पाकिटं घेऊन उभी राहिले, एका हातात दीडशे, एका हातात शंभर. हृदयाचे डॉक्टर खरं सांगत होते, मॅडमही खरं सांगत होत्या, मामांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं. मला एकीकडून दुसरीकडं निरोप नेऊन कंटाळा आला होता. प्रत्येक निरोप नेताना त्यातलं निम्मं माझ्याकडून सांडत होतं. मी दोन्ही पाकिटं ओट्यावर ठेवली, एकही गोळी न घेता शाळेत गेले आणि चित्रकलेच्या रिकाम्या खोलीत बाकावर बसून राहिले. बाहेर प्रार्थना चालू होती. मी उठले नाही.

तिथूनच मामांना फोन लावला. संजयना विचारलं नाही.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर मॅडमकडं या. दोघंजण माझ्यासमोर बोला. मला आता हे झेपत नाही."

पलीकडं दवाखान्याचं दार लोटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मी कशाला? मी अडाणी."

"तुम्ही आला नाहीत तर मी कुठलीच गोळी घेणार नाही." मी हे धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. तेव्हा खरोखर तसंच होतं.

"आज घेतलीस का?"

"नाही."

"पयली मॅडमची हाय ती घे," मामा म्हणाले. "मग बोलू."

मामांची पाळी

ते आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. संजयनी आत चिठ्ठी पाठवून डॉक्टर आलेत असं कळवायचं ठरवलं होतं, मामांनी नको म्हटलं. बाकी पेशंटसारखे बाकावर माझ्याशेजारी पाळीची वाट बघत बसले. त्यांना असं कुणाच्या दाराबाहेर बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मधे एकदा त्यांनी हातरुमालानं मान पुसली.

आत गेल्यावर मॅडम ताठ झाल्या. भांडायला आलेत असं त्यांना वाटलं असणार. मामांनी खुर्ची पुढं ओढली आणि शांतपणे विचारलं की हा डोस कॅन्सरसाठी एवढा ठेवलाय, हे घरी सोडतानाच्या कागदावर कुठं लिहिलंय.

मॅडमनी फाईल उघडली. पानं उलटली. परत पहिल्या पानावर आल्या.

"नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता मामा बोलतील. त्यांना बोलायला जागा होती. पण ते म्हणाले, "कागदाच्या वर तुमचा फोन नंबर छापलावता. मी एक फोन करायला पायजे हुता. ह्या आजारात गोळी मुद्दाम जादा ठेवत्यात, हे मला ठावं नव्हतं." मग माझ्याकडं मान वळवून, "चुकलं माझं."

संजय भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

मामा पुढं म्हणाले, "पर मॅडम, एक इचारतो. तुमी हिची नाडी कवा बघितलाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि माझं मनगट धरलं. एवढ्या महिन्यांत त्या खोलीत माझा हात कुणी पहिल्यांदाच हातात घेतला होता. मला रडू आलं. कशाचं ते मला सांगता येणार नाही. रडणं थांबेपर्यंत त्या हात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि तिघं डॉक्टर माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलले. सव्वाशेवर यायचं, छातीचा वेग आवरायला एक वेगळी छोटी गोळी घ्यायची, आणि स्कॅन झाल्यावर पुन्हा ठरवायचं. मॅडमनी हे सगळं कारणासकट लिहून दिलं. एकच विचारायचं असेल तर बायांनो, डोसापुढं त्याचं कारण लिहून मागा.

आता

स्कॅन स्वच्छ आला. रक्तातला आकडाही खाली गेला. मॅडम म्हणाल्या, गोळी कमी पडल्यामुळंच तो थोडा वर आला असावा. मी "बरं" म्हटलं. घरी आल्यावर आनंद होईल असं वाटलं होतं, पण मी कपडे न बदलता झोपले आणि संध्याकाळी उठले. संजयनी भात लावून ठेवला होता. झाकणाचा आवाज मला आला नाही.

सव्वाशेवर मी बरी आहे. बरी म्हणजे काय, ते मी आता फार ताणून बघत नाही. थकवा येतो, दोन तास शिकवलं की बसावं लागतं. वर्तुळ कधी जमतं, कधी जमत नाही. सुट्टीला शिरोळला गेले की गोळी घेतल्यावर अर्धा तास आत्ती मला चहा देत नाहीत. "आजून येळ हाय, बस," म्हणतात आणि घड्याळाकडं बघत राहतात. भावावरून झालेलं बोलणं त्यांनी परत काढलं नाही, मीही नाही.

मागच्या खेपेला मामा तिथं आले होते. दवाखाना आता ते सकाळचाच उघडतात. आम्ही बाहेरच्या सोप्यात बसलो होतो. इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"सूनबाई," ते म्हणाले, "माझ्याकडनं गेल्यालं माणूस परत आलं न्हाई की मी समजायचो, बरं झालं. जल्मभर तसंच धरून चाललो. आता त्यातली काही काही तोंडं डोळ्यांम्होरं येत्यात."

आत्ती आतून ऐकत असाव्यात. त्या बाहेर आल्या आणि भावाच्या शेजारी टेकल्या. मामांनी किती जणांना बरं केलं हे मला सांगता आलं असतं, पण त्यांना ते नको होतं, एवढं कळत होतं.

"मी तर परत आले की," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही, हे मला दिसलं. पण त्यांनी मान हलवली.